घोडा दारात बांधला, चंदीचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आतल्या पानावर एक फोटो होता. आपल्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात जैवतंत्रज्ञानाच्या नव्या प्रयोगशाळेचं उद्घाटन. फीत, कात्री, पाहुणे आणि मधोमध टेबलावर पीसीआर मशीन, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणारं यंत्र. मशीनला झेंडूचा हार घातला होता. माझं लक्ष आधी तिथंच गेलं, कारण तो हार नेमका मशीनच्या हवा खेळायच्या जाळीवर आला होता. ३१ वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या बाईला फोटोत पाहुणे दिसत नाहीत, जाळी दिसते.

बातमीत मशीनची किंमत होती, पाहुण्यांची नावं होती, अल्पोपाहाराचाही उल्लेख होता. त्या मशीनमध्ये घालायचं काय, ते आणायचं कुठून आणि ठेवायचं कुठं, याची एक ओळ नव्हती. दोष तुमच्या वार्ताहराचा नाही, उद्घाटनात ते कुणी सांगतच नाही. घोडा दारात बांधला, पण चंदीचं, म्हणजे त्याच्या खुराकाचं, काय? हे पत्र त्या चंदीबद्दल आहे.

मी सांगलीतल्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहाय्यक होते. २०२२ मध्ये निवृत्त झाले. प्राध्यापक नव्हते, हे आधीच सांगते. मुलं प्रॅक्टिकलला यायच्या आत टेबलावर सगळं मांडलेलं असणं, हे माझं काम. माध्यमं, म्हणजे जंतूंचं खाणं, शिजवायची, ऑटोक्लेव्ह, म्हणजे निर्जंतुक करायचा मोठा कुकर, लावायचा (१५ पौंड दाब, १२१ अंश, १५ मिनिटं, हे मी झोपेतही सांगेन), जंतू वाढवायच्या उथळ बशा, म्हणजे प्लेटा, ओतायच्या, स्टॉक रजिस्टर आणि डेडस्टॉक रजिस्टर लिहायचं, आणि काही संपत आलं की मागणीपत्र घेऊन सरांच्या मागे लागायचं. यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड. संपत आलेल्या बाटलीची काळजी रजिस्टर लिहिणाऱ्यालाच असते.

आमच्या वेळी सुरुवातीला सगळा खेळ आगरवर होता. आगर म्हणजे समुद्रातल्या लाल शेवाळापासून काढलेली पूड. गरम पाण्यात विरघळते, थंड झाली की खरवसासारखी थिजते, आणि तिच्यावर जंतू वाढतात. आपल्याकडे तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, रामनाथपुरम भागात, बायका समुद्रात बुड्या मारून हे शेवाळ काढतात. १९९४ साली आमची आगरची ऑर्डर अडकली आणि प्रॅक्टिकल परीक्षा आठवड्यावर आली. तेव्हा सरांनी मला पैसे देऊन गणपती पेठेत पाठवलं. किराणा दुकानातून चायना ग्रासच्या पट्ट्या आणल्या, फालुद्यात घालतात त्याच, तेही आगरच. धुतल्या, भिजवल्या, उकळल्या, मलमलीतून गाळल्या. प्लेटा जरा गढूळ झाल्या, पण थिजल्या, आणि परीक्षा पार पडली. बाहेरून आलेल्या परीक्षकांना आम्ही काही बोललो नाही.

हे फार हुशारीचं नव्हतं बरं का. आगर प्रयोगशाळेत आलंच मुळी स्वयंपाकघरातून. १८८१ साली जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्याकडे वॉल्टर हेसे नावाचे डॉक्टर काम करत होते. त्यांच्या जिलेटिनच्या प्लेटा उन्हाळ्यात पातळ व्हायच्या. त्यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी विचारलं, मी जेलीत घालते ते आगर घालून बघता का? जावा बेटावर राहून आलेल्या ओळखीच्या लोकांकडून त्यांना ते माहीत झालं होतं. आजही जगातल्या प्रत्येक सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत फॅनीबाईंचंच आगर चालतं. आणि ते शेवाळ समुद्रातून येतं म्हणून कधी कधी अडतंही. २०१५ मध्ये मोरोक्कोने शेवाळाच्या निर्यातीवर मर्यादा घातली, तेव्हा जगभर आगरची ओढाताण झाली होती.

पण आगर दणकट. झाकण घट्ट लावून बरणी कपाटात ठेवली की वर्ष-दोन वर्षं चिंता नाही. विभागात डीएनएची प्रॅक्टिकलं आली आणि माझी झोप उडाली. एन्झाइमं आली. ही एन्झाइमं म्हणजे जिवाणूंकडून काढून घेतलेली हत्यारं. इको आर वन, हिंड थ्री अशी त्यांची नावं. डीएनए ठरावीक जागी कापणारी ही कात्री. या शोधासाठी १९७८ चं नोबेल दिलं गेलं. कापलेलं जोडायला लायगेज. आणि तुमच्या फोटोतल्या त्या पीसीआर मशीनचा प्राण म्हणजे टॅक पॉलिमरेज. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांत थॉमस ब्रॉक यांना १९६० च्या दशकात जो जिवाणू सापडला, त्याचं हे एन्झाइम. ९५ अंशांना डीएनएचे दोन पदर सुटे होतात, तेवढ्या उष्णतेतही हे टिकतं. मशीन बिचारं फक्त तापवतं आणि गार करतं. काम करतं ते हे एन्झाइम.

आणि ते येतं किती? बोटाच्या पेराएवढ्या नळीत, तळाशी एक थेंब. किंमत काही हजार रुपये. ठेवायचं उणे २० अंशांना. नळीत निम्मं ग्लिसरॉल असतं, म्हणून एवढ्या थंडीतही ते गोठत नाही, काकवीसारखं राहतं. मायक्रोपिपेटची, म्हणजे थेंबाहून कमी मोजून घेणाऱ्या पिचकारीची, टीप त्यात बुडवायची नाही, नुसती वर टेकवायची. बुडवली तर बाहेरच्या बाजूला चिकटलेलं एन्झाइम वाया, म्हणजे शे-दोनशे रुपये टिपेबरोबर कचऱ्यात. नवीन मुलांना हे शिकवायला सर नसायचे, मी असायचे. मी त्यांना म्हणायचे, डोळ्यात औषध घालताना ड्रॉपर जसा धरता तसा हात धरा.

आता ही नळी सांगलीपर्यंत येते कशी ते सांगते, कारण पत्राचा मुद्दा तिथं आहे.

कंपनी परदेशातली. माल विमानाने मुंबईला किंवा बेंगळुरूला. तिथून पुण्याच्या डीलरकडे. इथपर्यंत बहुतेक वेळा ठीक. पुणे ते सांगली हे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर म्हणजे आमचं खरं सहारा वाळवंट. डीलर थर्माकोलच्या डब्यात जेलच्या बर्फपिशव्या घालून पाठवतो. कुरिअर असेल तर दोन-तीन दिवस. घाई असेल तर रात्रीच्या ट्रॅव्हल्सने. मग फोन येतो, "मॅडम, डिकीत ठेवलंय, ड्रायव्हरचा नंबर घ्या." पहाटे पाचला मी पुष्पराज चौकात उभी राहिले आहे, एकदा नाही, कित्येकदा. गाडी थांबते न थांबते तोच ड्रायव्हर डिकी उघडतो. आत कुणाच्या आंब्याच्या पेट्या, कुणाची शिलाई मशीन, आणि त्यावर आडवा पडलेला आमचा डबा, ज्यावर 'ही बाजू वर' असा बाण काढलेला असतो.

एक प्रसंग सविस्तर सांगते. साल देत नाही, म्हणजे कुणाला ओळखू येणार नाही. एप्रिल महिना. एमएस्सीच्या एका मुलीचा प्रोजेक्ट चालू होता. जत तालुक्यातली मुलगी, कॉलेज कॉर्नरजवळ खोली घेऊन राहिलेली. तिच्यासाठी लायगेज आणि इतर दोन एन्झाइमं मागवली होती. डीलरने बुधवारी माल टाकला. शुक्रवारी यायला हवा होता. शुक्रवारी आला नाही. शनिवारी दुपारी कुरिअरवाला आला, तर दुसरा शनिवार, कॉलेज बंद. त्याने डबा परत माधवनगर रोडच्या गोदामात नेऊन ठेवला. पत्र्याचं छप्पर. सोमवारी सकाळी अकरा वाजता तो डबा घेऊन आला. "मॅडम, शनिवारी आल्तो की, कुलूप हुतं," म्हणाला. त्याची चूक काय? त्याच्या दृष्टीने तो डबा, शेजारच्या साडीचा डबा आणि मोबाइलच्या कव्हराचा डबा सारखेच.

डबा उघडला तेव्हाचा तो वास अजून आठवतो. थर्माकोल उन्हात तापलं की एक विचित्र वास येतो. बर्फपिशव्यांचा लगदा झाला होता, हाताला कोमट लागत होत्या. नळ्यांवर दव नव्हतं, घाम नव्हता, काही नव्हतं. बघणाऱ्याला वाटावं, सगळं व्यवस्थित. हेच वाईट आहे. नासलेलं दूध फाटतं, आंबलेलं पीठ फुगतं, शिळ्या भाताला तार सुटते. बिघडलेलं एन्झाइम आणि चांगलं एन्झाइम, दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ. मी रजिस्टरवर 'डबा कोमट स्थितीत प्राप्त' असा शेरा मारला. सरांनी डीलरला फोन केला. तो म्हणाला, आम्ही बर्फात पॅक करून दिलं होतं, वाटेतलं आमच्या हातात नाही. कुरिअर म्हणाला, आम्ही दिलेल्या पत्त्यावर वेळेत आलो होतो. झालं.

दुसरी ऑर्डर करायला पैसे नव्हते, म्हणून तेच वापरलं. तीन आठवडे ती पोरगी रोज तोच प्रयोग करत होती. डीएनए नीट जोडला गेला तरच प्लेटवर जंतूंच्या वसाहती, म्हणजे ठिपके, दिसतात. रोज दुसऱ्या दिवशी प्लेटवर शून्य. तिला वाटायचं तिचंच काहीतरी चुकतंय. एकदा संध्याकाळी काचसामान धुवायच्या बेसिनपाशी रडत उभी होती. "काकू, माझा हातच चांगला नाही," म्हणाली.

शेवटी आम्ही लायगेजचीच परीक्षा घ्यायची ठरवली. पद्धत सोपी आहे. हिंड थ्रीने कापलेला लॅम्डा डीएनए, म्हणजे लॅम्डा नावाच्या विषाणूचा डीएनए, घ्यायचा. जेलवर, म्हणजे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या थिजलेल्या वडीवर, चालवला तर तो सहा-सात वेगवेगळ्या पट्ट्यांत दिसतो. त्यात लायगेज घालून तासभर ठेवायचं. लायगेज जिवंत असेल तर तुकडे एकमेकांना जोडले जातात, पट्ट्या पुसट होतात आणि सगळं वर, डीएनए भरायच्या खाचेपाशी गोळा होतं. आमच्या जेलमध्ये लायगेज घातलेली आणि न घातलेली, दोन्ही ओळी अगदी जुळ्या बहिणी. एकही पट्टी हलली नव्हती. लायगेज मेलेलं होतं, तेही आमच्याकडे यायच्या आधीच.

मग सरांच्या ओळखीने कोल्हापूरच्या एका प्रयोगशाळेतून पाच मायक्रोलिटर लायगेज उसनं आणलं. पाच मायक्रोलिटर म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढा थेंब. आमचे शिपाईमामा ते आणायला गेले. स्टीलचा थर्मास, त्यात बर्फ कुटून घातलेला, त्यात नळी, आणि मामा एसटीत थर्मास मांडीवर घेऊन बसलेले. शेजारच्या प्रवाशाने चहा मागितला म्हणे. दीड तासात आले. दोन दिवसांनी त्या मुलीच्या प्लेटवर वसाहती आल्या, मोजून अठरा. म्हणजे तिचा हात पहिल्यापासून चांगलाच होता. परदेशातून इतके पैसे खर्चून आलेलं एन्झाइम पत्र्याखाली मेलं, आणि मामांच्या थर्मासातलं जगलं.

असं का होतं याचं एक कारण रस्त्यात आहे, पण सगळं नाही. निम्मं आमच्याच घरात आहे.

अनुदान येतं ते दोन खात्यांत, रिकरिंग (दरवर्षीचा खर्च) आणि नॉन-रिकरिंग (एकदाच होणारा खर्च). नॉन-रिकरिंगमध्ये यंत्र घेता येतं, आणि यंत्राचं उद्घाटन होतं. रिएजंट, म्हणजे प्रयोगाला लागणारी रसायनं आणि एन्झाइमं, टिपा, ग्लोव्ह्ज हे रिकरिंगमध्ये. त्यांचं उद्घाटन कोण करणार? केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची स्टार कॉलेज योजना २००८ पासून आहे. तिच्यात रिकरिंगचाही भाग असतो, हे मी कौतुकाने सांगते. पण योजना कुठलीही असो, पैसा हातात पडतो फेब्रुवारीत, आणि ३१ मार्चच्या आत खर्चून उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं असतं. मग तीन कोटेशनं, सगळ्यात कमी दराला ऑर्डर, आणि वर्षभराचं एन्झाइम एकदम मागवायचं. ते येतं एप्रिलमध्ये, ऐन उन्हात, मुलं परीक्षेत आणि पाठोपाठ सुट्टी. जुलैत प्रॅक्टिकलं सुरू होतात तेव्हा निम्म्या नळ्यांची मुदत टळत आलेली. सगळ्यात कमी दर देणारा डीलर तो दर का देऊ शकतो, हेही मला पुढं समजलं. तो सहा महिने मुदत उरलेला माल काढत असतो.

फ्रीझरचंही तसंच. एकदा खरेदी समितीने मोठ्या हौसेने डबल डोअर, फ्रॉस्ट फ्री फ्रिज घेतला. बर्फ साचत नाही, दिसायला सुंदर. पण बर्फ साचत नाही कारण आतला हीटर अधूनमधून चालू होऊन तो वितळवतो. घरातल्या मटाराला त्याचं काही वाटत नाही. एन्झाइमला वाटतं. दर काही तासांनी गरम-गार, गरम-गार. मी समितीत नव्हते, पण बोलले. एका सदस्यांनी हसून विचारलं, "बाई, मग जुनाच बर्फाचा डोंगर वाढवणारा घ्यायचा का?" होय, तोच घ्यायचा होता. आणि एका दिवाळीत 'वीज वाचवा' म्हणून कुणीतरी विभागाचा मेन स्विच बंद करून गेलं. भाऊबीजेनंतर मी फ्रीझर उघडला, तेव्हा खालच्या कप्प्यात पाणी होतं. त्यानंतर मी त्या स्विचवर लाल चिकटपट्टी लावली. निवृत्त झाले तेव्हाही ती तिथं होती.

२०१९ च्या पुराचं सांगायला हवं. ऑगस्टात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं, निम्मं शहर पाण्यात, वीज गायब. आमचा विभाग वरच्या मजल्यावर होता म्हणून यंत्रं वाचली. फ्रीझरमधली एन्झाइमं मी पाणी चढायच्या आदल्या संध्याकाळी स्टीलच्या डब्यात घालून मिरजेत मावशीकडे नेली होती, तिच्याकडे वीज होती. आईस्क्रीमच्या शेजारी तो डबा आठवडाभर होता. मावशीने त्यावर चिठ्ठी चिकटवली, 'खाऊ नये'. उणे २० ला ठेवलेले जिवाणूंचे ग्लिसरॉल स्टॉक मात्र तसले घरी नेण्याजोगे नव्हते, ते विभागातच राहिले आणि गेले. वाचलं काय? आमच्या जुन्या सरांनी वीस वर्षांपूर्वी तिरक्या आगरवर वाढवून, वर लिक्विड पॅराफिनचा थर ओतून ठेवलेली कल्चर्स. त्यांना ना फ्रीझर लागला ना वीज. नव्या पोरांनी त्यांना 'आजोबांचं लोणचं' असं नाव ठेवलं होतं. पुरानंतर सगळे त्या लोणच्याकडे आले. ज्या जाती त्यातही उरल्या नव्हत्या, त्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संग्रहातून पुन्हा मागवल्या.

आता कुणी म्हणेल, सांगली पडली आडबाजूला, मुंबई-पुण्यासारखं इथं कसं होणार? मला हे ऐकलं की राग येतो. वस्तू गार ठेवायचं आणि जपून साठवायचं ज्ञान सांगलीला नाही, असं म्हणणारा कधी तासगाव रोडने गेला नसावा. आपला बेदाणा शीतगृहांत महिनोन्‌महिने राहतो. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, हळदीला २०१८ मध्ये. हळद तर हरिपूरच्या पेवांत, जमिनीच्या पोटात, विजेशिवाय वर्षानुवर्षं राहत आली. म्हशीला कृत्रिम रेतनाने गाभण करायला येणारे डॉक्टर द्रव नायट्रोजनचं भांडं मोटरसायकलला बांधून जतच्या टोकापर्यंत जातात. त्या भांड्यात उणे १९६ अंश असतात. आणि आमच्या डब्याला उणे २० पुरतात! पोलिओच्या लसीचं बघा. आरोग्यसेविका निळा डबा खांद्याला लावून वाडीवस्तीवर जाते, आणि बाटलीवर एक खूण असते. गोलात फिकट चौकोन. उष्णता लागत गेली की चौकोन काळवंडतो. गोलाच्या रंगाचा झाला की बाटली फेकायची. वाद नाही, फोन नाही, 'आमच्या हातात नाही' नाही. बाटलीच सांगते, मला ऊन लागलं. आमच्या काही हजारांच्या नळीला तेवढं बोलता येत नाही.

हे फक्त महाविद्यालयांपुरतं आहे असंही नाही. डेंगीच्या तपासणीचं एलायझा पद्धतीचं किट २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. तालुक्याच्या गावातल्या लॅबमध्ये ते कुठल्या डिकीतून आलं, हे रिपोर्टवर लिहिलेलं नसतं. माझा दादा मणेराजुरीला द्राक्षं करतो. त्याने एकदा कृषी सेवा केंद्रातून ट्रायकोडर्माची बाटली आणली. ही तर जिवंत बुरशी, मुळांशी सोडायची. लेबलवर मिलीलीटरला २० लाख जिवंत कण. ती बाटली दुकानात दर्शनी काचेत, पश्चिमेच्या उन्हात मांडलेली होती. मी विभागात नेऊन बटाट्याच्या माध्यमावर लावली: लिटरला २०० ग्रॅम बटाट्याचा अर्क, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज, १५ ग्रॅम आगर. पाच दिवस वाट पाहिली. हिरवं काही आलं नाही. मग त्याच कंपनीची, त्याच महिन्याची बाटली दुसऱ्या दुकानातून आणली, जिथं ती आतल्या गार खोलीत होती. तिची प्लेट चौथ्या दिवशी हिरवीगार. म्हणजे कंपनीचं चुकलं नव्हतं, काचेचं चुकलं होतं. दादाने एकरभर बागेला जे सोडलं ते मेलेलं पाणी होतं, आणि वर्षभर तो 'ट्रायकोडर्मात काय दम नाही' असं सांगत फिरत होता.

दर वाढले की ओरड होते. २०२४ च्या जुलैत केंद्रीय अर्थसंकल्पात प्रयोगशाळेच्या रसायनांवरचं आयात शुल्क १० टक्क्यांवरून १५० टक्के झालं, तेव्हा देशभरातले शास्त्रज्ञ बोलले आणि थोड्याच दिवसांत संशोधनासाठी ते पुन्हा १० वर आलं. चांगलं झालं. पण माधवनगर रोडच्या पत्र्याखाली जे मरतं त्याची ओरड कुणी करत नाही, कारण ते मेल्याचं कळतच नाही. कळतं तेव्हा खापर जतच्या मुलीच्या हातावर फुटलेलं असतं.

माझं म्हणणं मोठं नाही. सांगली, मिरज, कुपवाड या तीन गावांत मिळून जीवशास्त्राच्या कितीतरी प्रयोगशाळा आहेत. प्रत्येकाचा वेगळा डबा, वेगळा डीलर, वेगळा शनिवार. त्याऐवजी एका जागी एक साधा, बर्फ साचणारा, उणे २० चा फ्रीझर ठेवा, जनरेटरला जोडलेला. सगळ्यांची ऑर्डर महिन्यातून एकदा, एकत्र. माल सोमवारी किंवा मंगळवारीच टाकायचा, बुधवारनंतर नाही, ही अट ऑर्डरवरच छापायची. डब्यात तापमान नोंदवणारं बोटाएवढं यंत्र मिळतं, ते टाकायचं. तो आकडा बघूनच डबा ताब्यात घ्यायचा, नाहीतर परत. दहा महाविद्यालयं एकत्र म्हणाली तर डीलर ऐकेल. एकटीचं माझं त्याने कधी ऐकलं नाही. जागा म्हणाल तर एखाद्या बेदाणा शीतगृहवाल्यानेच कोपरा दिला तरी चालेल, वीज आणि राखण दोन्ही तिथं आधीच आहे. उसनवारीही मग लाजिरवाणी राहणार नाही. कुणाला पाच मायक्रोलिटर हवं असेल, तर मामांना एसटीने कोल्हापूर गाठायला नको.

आणि आपल्याला विनंती. पुढच्या उद्घाटनाला वार्ताहर जाईल तेव्हा त्याला एकच प्रश्न विचारायला सांगा: या मशीनच्या रिएजंटसाठी यंदा किती ठेवलेत, आणि फ्रीझर कुठला आहे? उत्तर आलं तर छापा. नाही आलं तर तेही छापा.

कुणी हे करायला पुढं आलं, तर रजिस्टर मी घालून देईन. आवक, जावक, मुदत, आल्यावेळचं तापमान, उसनं कुणाला, परत कधी, असे उभे रकाने मी आखून ठेवले आहेत, २०० पानी वहीत. सोमवार ते गुरुवार सकाळी दहा ते एक मी येऊन बसेन, मानधन नको. शुक्रवारी येणार नाही, नातीची कथकची शिकवणी असते. चिकटपट्टी मात्र लाल आणा, पांढरी कुणाला दिसत नाही.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहाय्यक,
विश्रामबाग, सांगली